पहिला तास आणि सहा महिने

मद्रास शहरात १८४४ साली बाळंतिणींसाठी एक रुग्णालय उघडण्यात आले. पुढे एगमोर, म्हणजे तमिळ माणसांच्या तोंडचे एळुंबूर, या भागातील मोठे सरकारी स्त्री-रुग्णालय म्हणून ते साऱ्या दक्षिणेत प्रसिद्धीस आले. डॉ. आर्काट लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे प्रसूतितज्ज्ञ तेथे होऊन गेले आणि त्यांचे प्रसूतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तक वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासले. रुग्णालय सुरू झाले त्या काळी मात्र सर्वसामान्य घरातील स्त्री तेथे पाऊल ठेवीत नसे. बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून होई, आणि पहिले असल्यास माहेरी. या बाबतीत तमिळ आणि मराठी रिवाज सारखाच आहे. आज ते चित्र पार पालटले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तमिळनाडूतील ९९.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्यकेंद्रांत झाल्याचे आढळले. ज्या राज्यात जवळजवळ प्रत्येक मूल प्रशिक्षित परिचारिकेच्या देखत जन्माला येते, तेथे मुलाला अंगावर पाजण्याच्या प्रश्नाची चर्चा कशाला करावी, असे कोणासही वाटेल. चर्चा करावी लागते याचे कारण त्याच पाहणीच्या आकड्यांत आहे.

या विषयात दोन मापे वापरली जातात. पहिले माप पहिल्या तासाचे: जन्मल्यापासून तासाभराच्या आत किती मुलांना आईच्या अंगाशी धरून पाजले गेले. दुसरे माप सहा महिन्यांचे: सहा महिन्यांखालील किती मुलांना केवळ आईचेच दूध मिळते. येथे 'केवळ' हा शब्द काटेकोरपणे घ्यावयाचा आहे. औषधाचे किंवा जीवनसत्त्वाचे थेंब चालतात, पाणीसुद्धा चालत नाही. पहिल्या मापात तमिळनाडू देशाच्या बराच पुढे आहे. देशात ४१.८ टक्के मुलांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले, तमिळनाडूत ६०.२ टक्क्यांना, तर उत्तर प्रदेशात जेमतेम २३.९ टक्क्यांना. दुसऱ्या मापात मात्र क्रम उलटतो. केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांचे प्रमाण देशात ६३.७ टक्के आणि तमिळनाडूत ५५.१ टक्के. महाराष्ट्रात ते ७१ टक्के आहे. छत्तीसगढ हे उत्पन्न, शिक्षण, रुग्णालये यांपैकी कशातही तमिळनाडूची बरोबरी न करणारे राज्य. तेथे ते ८० टक्क्यांच्या वर आहे. खुद्द उत्तर प्रदेशही ५९.७ टक्क्यांनी तमिळनाडूच्या पुढे निघून जातो. पहिल्या तासात आघाडीवर असलेले राज्य सहा महिन्यांत मागे का पडते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी या आकड्यांविषयी सावधगिरीचे दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण वर्तमानपत्रांत ते फार सैलपणे वापरले जातात. देशात ६३.७ टक्के माता सहा महिने पुरे होईतो केवळ अंगावर पाजतात, असा त्या आकड्याचा अर्थ नव्हे. पाहणीस आलेली कार्यकर्ती, ज्या घरात सहा महिन्यांखालील मूल आहे तेथे, काल दिवसभरात आणि रात्री मुलाच्या पोटात काय काय गेले एवढेच विचारते. त्यात दहा दिवसांचे मूलही आले आणि साडेपाच महिन्यांचेही. दहा दिवसांच्या मुलाला बहुधा दुसरे काही दिलेले नसते; पुढे महिन्यागणिक प्रमाण घटत जाते. म्हणजे सहा महिने खरोखरच निभावणाऱ्या मातांची संख्या छापलेल्या आकड्याहून पुष्कळच लहान असते. दुसरी गोष्ट अशी, की राज्याचा आकडा विश्वसनीय असला तरी एका जिल्ह्यात या वयाची मुले पाहणीत थोडीच सापडतात. जिल्हावार तक्त्यांत कित्येक आकडे म्हणूनच कंसात छापलेले असतात, कित्येकांच्या जागी नुसती फुली असते. चेन्नईचा एक आकडा आणि कोइमतूरचा एक आकडा घेऊन दोन शहरांतील मातांची शर्यत लावणे हा पोरखेळ होय.

आता कारणांकडे वळू. पहिल्या तासातील यशाचे श्रेय बऱ्याच अंशी रुग्णालयांना आणि त्याहूनही प्राथमिक आरोग्यकेंद्रांना जाते. तमिळनाडूने आरोग्यकेंद्रांत चोवीस तास परिचारिका राहतील अशी व्यवस्था केली. २००४ पासून सरकारी प्रसूतिगृहांत बाळंतिणीच्या सोबतीला घरातील एका स्त्रीला थांबू देण्याची प्रथा पाडली. जुन्या समजुतींशी या परिचारिकांना झगडावे लागले. बाळंतपणानंतर पहिले दोनतीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध, ज्याला मराठीत चीक आणि तमिळमध्ये सीम्पाल म्हणतात, ते पिळून टाकून देण्याची चाल दोन्ही प्रांतांत होती. गंमत अशी, की गाईच्या किंवा म्हशीच्या चिकाला दोन्हीकडे फार मान. मराठी घरात त्याचा खरवस होतो, शेजारीपाजारी वाटला जातो आणि नकळत शिळा झाला तरी कोणी टाकत नाही. तमिळ घरातही तो गूळ घालून आवडीने खातात. वासराचा चीक काढून घेऊन खाणारा माणूस स्वतःच्या लेकराचा चीक मात्र जड म्हणून फेकून देई. या चिकाचे प्रमाण थोडे असते, पहिल्या दिवशी काही चमचेच. पण नवजात मुलाचे पोटही तेवढेच असते आणि रोगप्रतिकारक द्रव्ये त्यात पुढच्या दुधाहून कितीतरी अधिक असतात.

चिकाच्या ऐवजी मुलाच्या तोंडात दुसरे काही जाई. तमिळ घरांत सेनै नावाचा संस्कार आहे. घरातल्या किंवा नात्यातल्या एखाद्या सुस्वभावी, वडीलधाऱ्या माणसाने नवजात मुलाच्या ओठांवर साखरेच्या पाण्याचे थेंब सोडावयाचे. त्या माणसाचा स्वभाव मुलात उतरतो अशी श्रद्धा. महाराष्ट्रात मध चाटवतात, कोठे गुळाचे पाणी देतात, कोठे सोन्याचा वेढा मधात उगाळतात. जातकर्माच्या विधीत याला शास्त्राचाही आधार आहे. पुढे तमिळ आजी उरै मरुंदु म्हणजे सुंठ, मायफळ, वेखंड अशी औषधे दगडावर उगाळून देते. मराठी आजी सहाणेवर बाळगुटी उगाळते. या प्रथांना हसण्याचे कारण नाही. त्यांच्यामागे मुलाविषयीची आस्था आहे आणि घरच्या अनुभवी स्त्रीला तेथे मानाची जागा आहे. परंतु केवळ आईचे दूध या कसोटीला त्या उतरत नाहीत, आणि सहाण, चमचा, पाणी यांच्या स्वच्छतेची हमी कोण देणार?

आजीबाईंच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना सल्ला चार ते सहा महिन्यांचा होता. सहा महिन्यांचा स्पष्ट नियम २००१ साली आला. १९८५ साली जी बाई मद्रासमध्ये बाळंत झाली तिला चौथ्या महिन्यानंतर नाचणीची पेज सुरू करावयास डॉक्टरांनीच सांगितले असण्याचा संभव आहे. आज तीच बाई सुनेला किंवा लेकीला तोच सल्ला देते तेव्हा ती अडाणी नसते. तमिळ घरातले नाचणीचे दूध आणि मराठी घरातले नाचणीचे सत्त्व हे अन्न चांगलेच आहे, फक्त ते दोन महिने लवकर येते.

परंतु चालीरीतींनी सगळ्याचा उलगडा होत नाही. चालीरीती छत्तीसगढमध्येही आहेत. तमिळनाडूचे वेगळेपण शोधावयाचे तर शस्त्रक्रियेच्या खोलीत डोकवावे लागेल. पाचव्या पाहणीत देशातील २१.५ टक्के प्रसूती पोटावर शस्त्रक्रिया करून झाल्या, तमिळनाडूत ४४.९ टक्के. राज्यातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण ३६ टक्के आणि खाजगी रुग्णालयांत ६३.८ टक्के होते. खाजगी रुग्णालयातील तीन प्रसूतींपैकी जवळजवळ दोन शस्त्रक्रियेने होत असतील, तर त्या सगळ्या अटळ होत्या असे मानणे कठीण आहे.

शस्त्रक्रियेचा दुधाशी संबंध कसा येतो ते समजून घेण्यासारखे आहे. दूध ही साठवून ठेवलेली वस्तू नव्हे. मूल ओढते तेव्हा आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून दोन स्राव सुटतात. एकामुळे दूध तयार होते आणि दुसऱ्यामुळे ते उतरते. मूल जितके ओढील तितके दूध तयार होईल, ओढणे थांबले की तयार होणेही मंदावते. शस्त्रक्रिया झालेली आई पहिला दिवस वेदनेत, गुंगीत आणि सलाइनच्या नळीत अडकून पडलेली असते. मूल दुसऱ्या खोलीत असते. ते रडते, कोणीतरी वाटीचमच्याने किंवा बाटलीने वरचे दूध देते, मूल पोट भरून झोपते. दुसऱ्या दिवशी आईजवळ आणल्यावर ते नीट ओढत नाही, कारण त्याला भूक नसते. मग दूध उतरण्यास उशीर होतो, तेव्हा भोवतालची माणसे म्हणतात, 'हिला दूधच नाही.' जे त्या दिवशी खरे नव्हते ते आठवड्याभरात खरे होऊन बसते. चेन्नईतील असो वा पुण्यातील असो, अंगावर पाजणे लवकर सोडलेल्या मातांना विचारावे तर बहुतेकींचे उत्तर एकच: दूध पुरत नव्हते. प्रत्यक्षात ज्यांना शारीरिक कारणाने दूध पुरत नाही अशा स्त्रिया फार थोड्या असतात. बाकीच्यांना त्या पहिल्या दोनतीन दिवसांत हात देणारे कोणी भेटलेले नसते.

त्यात घरातील काळजी भर घालते. दूध वाढावे म्हणून मराठी बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खसखस, शेपूची भाजी, बाळंतशोपा. तमिळ बाळंतिणीला भरपूर लसूण आणि चेन्नईच्या किनाऱ्यावरील घरांत पाल सुरा नावाच्या लहान शार्क माशाचे पुट्टु. त्या माशाच्या नावातच पाल म्हणजे दूध आहे. बाळंतिणीने पोटभर खाल्ले हे उत्तमच. पण लाडवांचा डबा भरला असूनही मूल ओढत नसेल तर दूध वाढत नाही, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

सामाजिक भेदाचा विचार येथून सुरू होतो, कारण शस्त्रक्रिया, खाजगी रुग्णालय आणि दुधाच्या पावडरीचा डबा ही तिन्ही पैसा असलेल्या घरांत आधी पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ ते १९७८ या काळात भारतासह नऊ देशांत एक पाहणी केली व तिचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. शहरातील सधन, शहरातील गरीब आणि खेड्यातील अशा गटांची तिने तुलना केली. विकसनशील देशांत शहरी सधन माता सर्वांत लवकर पाजणे सोडीत आणि खेड्यातील माता सर्वांत उशिरापर्यंत पाजीत, असा क्रम तीत दिसला. युरोप-अमेरिकेत तोच क्रम उलटा होऊ लागला होता. शिकलेल्या स्त्रिया बाटली टाकून अंगावर पाजण्याकडे परतत होत्या. भारतात शहर आणि खेडे यांतील अंतर अजून टिकून आहे. पाचव्या पाहणीत केवळ आईच्या दुधाचे प्रमाण खेड्यांत ६५.१ टक्के आणि शहरांत ५९.६ टक्के होते.

डब्याचे संकट नवे नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ साली सिंगापूर येथे 'दूध आणि खून' अशा जळजळीत नावाचे भाषण करून, डब्यातील दुधाच्या प्रचारामुळे मुले दगावतात असे बजावले होते. जगाला ते पटण्यास बेचाळीस वर्षे लागली. पर्यायी दुधाच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ च्या मे महिन्यात संमत झाली. भारताने १९९२ साली स्वतःचा कायदा केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, डब्यावर गुबगुबीत बाळाचे चित्र नाही. कायदा चांगला आहे. पण प्रसूतिगृहातून घरी निघताना चिठ्ठीवर डब्याचे नाव लिहून देणाऱ्या हाताला तो सहसा पकडीत नाही.

गरीब मातेची गोष्ट निराळी आहे. तिला डबा परवडत नाही, आणि परवडला तरी तो पुरवून पुरवून वापरला जातो. म्हणजे पावडर कमी आणि पाणी जास्त. शिवाय पाणी कोणते? चेन्नईला पाणी देणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चार जलाशय २०१९ च्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडले. वस्त्यांतील स्त्रिया रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी मांडून टँकरची वाट पाहत उभ्या होत्या. अशा दिवसांत बाटली उकळण्यास आणि दूध कालवण्यास स्वच्छ पाणी कोठून आणावे? आईच्या दुधात पाण्याचा अंश सुमारे ८८ टक्के असतो, त्यामुळे मे महिन्याच्या कत्तिरी उन्हातही मुलाला वेगळे पाणी लागत नाही. तरीही तहानेच्या भीतीने चमचाभर पाणी पाजले जाते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून आलेली दुधाची पावडर पुदुच्चेरीच्या परिसरातील किनारी गावांत फुकट वाटली गेली. पुढे झालेल्या पाहणीत ती पावडर पाजलेल्या मुलांत अतिसाराचे प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता.

परंतु गरीब मातेचे दूध तुटते ते प्रामुख्याने कामामुळे. घरकाम करणारी, बांधकामावर वाळू वाहणारी, मासळी विकणारी बाई महिना-दोन महिन्यांत कामावर परत जाते. बांधकामाच्या जागी जुन्या साडीची तूळी, म्हणजे मराठीतली झोळी, झाडाला किंवा बांबूला बांधलेली दिसते. दहा वर्षांची थोरली बहीण तिला झोके देत असते. तेथे मूल निदान आईच्या हाकेच्या अंतरावर तरी असते. घरकाम करणाऱ्या बाईला तेवढीही सोय नाही. मालकिणीच्या मुलाचे दूध ती गरम करते आणि तिचे मूल वस्तीत शेजारणीकडे असते.

मुलामुलीतील भेदही या हिशेबात धरावा लागतो. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०११ साली भारतातील आकडे तपासून दाखवले, की मुलींना मुलांपेक्षा कमी काळ अंगावर पाजले जाते. त्याचे एक कारण त्यांनी सांगितले ते असे: मुलगी झाल्यावर मुलासाठी पुढचा गर्भ लवकर राहावा अशी घराची इच्छा असते, आणि पाजणे चालू असताना गर्भधारणा लांबते. म्हणजे येथे मुलीविषयी उघड दुष्टावा असण्याचीही गरज नाही. अजून न जन्मलेल्या भावाची वाट पाहणे पुरेसे होते.

कायदे काय करतात? तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ च्या सुमारास आपल्या छत्रांची, म्हणजे धर्मशाळांची, माहिती इंग्रज अधिकाऱ्यास कळवली होती. तेथे तान्ह्या मुलांना दूध मिळे, गर्भवतींची काळजी घेतली जाई, आणि एखादी वाटसरू स्त्री छत्रात बाळंत झाली तर तिला तीन महिने तेथे राहण्याची मुभा असे. स्वतंत्र भारताच्या १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानेही बारा आठवडेच दिले. मराठी राजाच्या धर्मशाळेहून अधिक नव्हे. मात्र त्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोनदा सुटी द्यावी असे सांगितले. २०१७ साली रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. आईने दिवसातून चार वेळा तेथे जावे अशी तरतूद आली. तमिळनाडू सरकारने आपल्या कर्मचारी स्त्रियांना २०११ मध्ये सहा, २०१६ मध्ये नऊ आणि २०२१ मध्ये बारा महिन्यांची रजा दिली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर बसस्थानकांवर पाजण्यासाठी स्वतंत्र खोल्या उघडल्या गेल्या. या गोष्टी कौतुकास्पद आहेत यात शंका नाही.

पण बाराही महिन्यांची रजा सचिवालयातील कारकून स्त्रीला मिळते; तिच्या घरी भांडी घासणाऱ्या स्त्रीला एका दिवसाचीही मिळत नाही. गरीब मातांसाठी राज्यात डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना आहे. मद्रास विधानपरिषदेत १९२७ साली बसलेल्या या पहिल्या स्त्री-सदस्य स्वतः डॉक्टर होत्या. २००६ साली या योजनेची रक्कम ६,००० रुपये झाली, २०११ साली १२,००० आणि २०१८ साली पोषक आहाराच्या संचासह १८,०००. ही रक्कम हप्त्याहप्त्याने येते आणि तिचा मोठा भाग औषधपाणी, भाडे, मागची उसनवारी यांत जातो. मूल सहा महिन्यांचे होईतो तिला कामाविना घरी बसवण्याइतकी ती नाही. चेन्नईत राहून दीर्घकाळ या प्रश्नावर काम केलेल्या मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ साली ज्या सूचना केल्या, त्यांतून पुढे १९७५ ची अंगणवाडी योजना उभी राहिली. लहान मूल आणि कामकरी आई यांचा विचार एकत्रच केला पाहिजे, हे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. अंगणवाडीत मात्र मूल बसू-खेळू लागल्यावर, दोनतीन वर्षांचे झाल्यावर येते, आणि बहुतेक ठिकाणी दुपारनंतर ती बंद होते. चार महिन्यांच्या मुलाला सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत सांभाळील आणि आईच्या कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, असे पाळणाघर वस्तीत क्वचितच सापडते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या, आईपासून दूर ठेवलेल्या मुलांना इतर मातांनी दिलेले दूध तपासून, उष्णता देऊन पाजले जाते. तशा पेढ्या पुढे तमिळनाडूच्या सरकारी रुग्णालयांतही निघाल्या. ज्या वॉर्डात अशी पेढी चालते तेथे एक गोष्ट पाहावयास मिळते. दूध येत नाही म्हणून रडणाऱ्या बाळंतिणीजवळ परिचारिका बसते, मूल कसे धरावे, तोंड कसे उघडू द्यावे, दूध हाताने कसे काढावे ते दाखवते. त्यासाठी तिला रोज त्या खाटेशी अर्धा तास बसता आले पाहिजे, आणि एका परिचारिकेकडे किती खाटा आहेत यावर ते अवलंबून असते.